मलम, क्रीम की लोशन : आधारद्रव्याच्या निवडीमागचा इतिहास

एकच औषध मलम, क्रीम, लोशन किंवा जेल अशा वेगवेगळ्या रूपांत मिळते, आणि चिठ्ठीवरचे रूप दुकानात नसले की दुसरे घेतले जाते. हा बदल किरकोळ नाही, कारण औषध ज्यात मिसळलेले असते ते आधारद्रव्यही त्वचेवर काम करीत असते.

ही जाण जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, १८व्या अध्यायात, प्रलेप, प्रदेह आणि आलेप असे लेपाचे प्रकार पातळपणा व दाटपणा पाहून वेगळे केले आहेत. लेप लवेच्या उलट दिशेने लावावा आणि एरवी तो अंगावर वाळू देऊ नये, असेही तेथे सांगितले आहे. तूप पाण्याने शंभर वेळा धुऊन केलेले शतधौत घृत आजच्या क्रीमच्या किती जवळ जाते, हे पाहून आदर वाटतो. रोममध्ये दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्याने मेण, तेल आणि पाणी घोटून शीतल लेप केला. त्यातील पाणी उडून जाताना त्वचेला गारवा मिळे. मात्र अशा लेपांतील तेल-तूप कालांतराने खवट होई आणि पाणी वेगळे होई.

या अडचणींवर उपाय एकोणिसाव्या शतकात मिळू लागले. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ मध्ये व्हॅसलीनचे पेटंट घेतले आणि खवट न होणारा आधार हाती आला. १८८२ मध्ये जर्मनीत मेंढीच्या लोकरीतील चरबी शुद्ध करून लॅनोलिन तयार झाले, जे पाणी धरून ठेवते. त्याच काळात उन्ना आणि लासार या जर्मन त्वचारोगतज्ज्ञांनी झिंक ऑक्साइडसारख्या भुकट्या घातलेल्या पेस्ट रूढ केल्या. लोकरीच्या चरबीतूनच मिळवलेल्या युसेरिटमुळे १९११ मध्ये पाणी आणि तेल एकत्र टिकवणारी क्रीम बाजारात आली.

त्वचेचा दाह कमी करणारी स्टिरॉइड औषधे आल्यावर मात्र आधाराचा प्रश्न सोयीपुरता उरला नाही. १९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन या संशोधकांनी औषध लावलेली त्वचा किती फिकट पडते यावरून त्याची तीव्रता जोखण्याची पद्धत मांडली. अमेरिकी वर्गीकरणात ०.०५ टक्के बीटामेथासोन डायप्रोपिओनेट हे स्टिरॉइड सुधारित आधारातील मलमाच्या रूपात पहिल्या, म्हणजे सर्वांत तीव्र गटात येते, तर साध्या लोशनच्या रूपात पाचव्या गटात. औषध आणि प्रमाण तेच असूनही.

म्हणूनच कोरड्या, जाड, भेगाळलेल्या चट्ट्यांसाठी पाणी अडवून धरणारे मलम, पाझरणाऱ्या इसबावर आधी ओल्या घड्या आणि मग क्रीम, आणि केसाळ डोक्यासाठी लोशन किंवा जेल निवडले जाते. काखेत आणि जांघेत त्वचा त्वचेला चिकटून आधीच झाकली जात असल्याने तेथे औषध अधिक शोषले जाते. अशा जागी तीव्र स्टिरॉइडचे मलम दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होऊन ताणल्यासारख्या कायमच्या रेघा (स्ट्रेच मार्क) उमटतात. आपल्याकडे गजकर्णावर स्टिरॉइडमिश्रित क्रीम परस्पर लावण्याची सवय फोफावली आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारला अनेक स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असे ठरवावे लागले.