वळिवडे छावणी : आश्रयामागचा कारभार

कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहून गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड व्यापल्यानंतर तेथील लाखो नागरिकांना सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले होते. जर्मनीने रशियावर आक्रमण केल्यावर जुलै १९४१ मध्ये मॉस्को आणि देश गमावून लंडनमधून चालणारे पोलिश सरकार यांच्यात करार झाला, तेव्हा त्यांच्यापैकी काहींची सुटका झाली आणि १९४२ मध्ये पोलिश सेनानी जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर हजारो नागरिक कास्पियन समुद्रमार्गे इराणात पोहोचले.

तेथून त्यांना हलवायचे कोठे, हा प्रश्न ब्रिटनपुढे होता. पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान असे पर्याय निघाले. नवानगर (आजचे जामनगर) संस्थानाचे राजे जामसाहेब यांनी तेथील बालाचडी येथे मुलांना आसरा दिला. ही कथा सर्वतोमुखी आहे आणि तिच्याच साच्यात कोल्हापूरची हकीकतही ओतली जाते. पण त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवरील छत्रपती अजाण बालक होते. संस्थानाने आपल्या हद्दीत छावणी होऊ दिली, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. मात्र वळिवड्याचा निर्णय मुख्यतः युद्धकालीन सरकारी व्यवस्थेचा भाग होता. निर्वासितांचा मुक्काम तात्पुरता धरलेला होता आणि खर्चाचा भार लंडनमधील पोलिश सरकारच्या खात्यावर टाकलेला होता. छावणीत शाळा, चर्च, दवाखाना, बालवीर पथके असे सारे उभे राहिले, तेही याच चौकटीत.

जुलै १९४५ मध्ये ब्रिटन व अमेरिकेने पोलंडची राजधानी वॉर्सा येथील नव्या, सोव्हिएत पाठबळाच्या सरकारला मान्यता दिली आणि ज्या सरकारच्या भरवशावर छावणी चालत होती, तेच अधिकृतपणे उरले नाही. त्यानंतर जबाबदारी संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संघटनेकडे गेली. ज्यांची गावे आता सोव्हिएत हद्दीत होती, त्यांना मायदेशी परतणे बहुधा नको होते. म्हणून अनेकांनी ब्रिटनची वाट धरली.

फाळणीनंतर याच जागी सिंधी निर्वासित आले आणि वसाहतीचे गांधीनगर झाले. लग्नाचा बस्ता बांधायला तेथील कापडपेठेत जाणाऱ्यांना बराकींचा हा इतिहास क्वचितच ठाऊक असतो. सिंधी कुटुंबे नागरिक म्हणून कायमची वसली; परदेशी निर्वासितांबाबत मात्र भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आजवर सही केलेली नाही, त्यामुळे तिबेटी असोत वा श्रीलंकेतील तमिळ, प्रत्येक वेळी निर्णय त्या त्या सरकारच्या धोरणानुसारच झाला आहे.