फियाट 1089 सीसी पेट्रोल इंजिन (प्रीमियर पद्मिनी)

फियाट 1100 आणि नंतर प्रीमियर पद्मिनी या गाड्यांमध्ये बसवलेले चार सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे पेट्रोल इंजिन. याचा मूळ आराखडा इटलीतला. 68 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 75 मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल) ही मापे 1937 सालच्या फियाट 508 सी गाडीपासून चालत आलेली आहेत. भारतात मुंबईच्या कुर्ल्यातील प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ते 1964 पासून ‘1100 डिलाइट’मध्ये आणि 1974 पासून पद्मिनीत दिले. मुंबईच्या टॅक्सीसेवेतून शेवटची पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये बाद झाली. गोव्यात ही गाडी मुख्यतः घरगुती वापरात राहिली आणि ‘जीडीए’ मालिकेतील जुन्या क्रमांकाच्या काही पद्मिनी अजूनही जपलेल्या आहेत. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल यांमुळे इथे या इंजिनाच्या तक्रारींना वेगळे वळण मिळते.

रचना

क्षमता 1089 घन सेंमी. ब्लॉक बिडाचा, त्यावर झाकणासारखे बसणारे हेड ॲल्युमिनियमचे. कॅमशाफ्ट ब्लॉकच्या बाजूला असून पुशरॉड आणि रॉकरमार्फत आठ व्हॉल्व्ह उघडतात. क्रँकशाफ्टला फक्त तीन मेन बेअरिंगे आहेत, त्यामुळे इंजिन फार वरच्या फेऱ्यांवर ताणलेले त्याला मानवत नाही. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-4-2. भारतीय पद्मिनीत कॉम्प्रेशन रेशो 7.3:1 ठेवला होता, कारण त्या काळच्या पेट्रोलचे ऑक्टेन कमी असे. ताकद मिनिटाला 4,800 फेऱ्यांना सुमारे 40 अश्वशक्ती, टॉर्क 3,000 फेऱ्यांना 71 न्यूटन-मीटर. कारब्युरेटर सोलेक्स 32 पीबीआयसी, पेट्रोल पंप यांत्रिक डायफ्रॅमचा, विद्युतयंत्रणा 12 व्होल्टची. आकडे साधे आहेत, पण सुमारे 895 किलोची गाडी ओढायला ते पुरेसे पडतात. शिवाय कमी कॉम्प्रेशनमुळे इंजिन सहसा ‘नॉक’ करत नाही, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठोके येत नाहीत.

या इंजिनाच्या बहुतेक तक्रारी इंजिनाच्या आत नसतात. इग्निशन, पाणी आणि पेट्रोल या तिन्हींची तपासणी झाल्याखेरीज हेड उघडू नये. ‘हाफ इंजिन’ काढलेल्या (इंजिन अर्धे उघडून दुरुस्त केलेल्या) कितीतरी गाड्यांचा खरा दोष एका कंडेन्सरमध्ये, म्हणजे इग्निशनच्या पॉइंटला जोडलेल्या छोट्या भागात निघतो.

इग्निशन

जून ते सप्टेंबर या काळात गोव्यात गाडी सकाळी सुरू न होण्याचे पहिले कारण म्हणजे डेल्कोच्या (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) कॅपमध्ये धरलेली ओल. कॅप काढून आतून-बाहेरून कोरड्या कापडाने पुसावी आणि उजेडात धरून पाहावी. दोन टोकांमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर तिथून करंट गळतो. अशी कॅप घासून सुधारत नाही, बदलावीच लागते. मधला कार्बन स्प्रिंगवर मोकळा हलतो का, तेही बघावे. प्लगच्या वायरींची परीक्षा अंधारात करावी. इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडले की तडा गेलेल्या वायरीवरून निळ्या ठिणग्या उडताना स्पष्ट दिसतात. किनाऱ्यालगतच्या गावांत कॉइलच्या आणि बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर चढतो. तो घासून, टोके घट्ट करून वर पेट्रोलियम जेली लावावी. इंजिन ते बॉडी अशी अर्थची पट्टी गंजली की सेल्फ मंद फिरतो आणि दोष विनाकारण बॅटरीला दिला जातो.

पॉइंटची (डेल्कोतल्या करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांची) गॅप साधारण 0.4 ते 0.5 मिमी असते. पॉइंटची फायबरची टाच झिजली की गॅप कमी होते आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडते. मागे पडलेल्या टायमिंगने पिकअप जातो, तसेच गाडी गरमही होते. म्हणून क्रम असा: आधी गॅप, मग टायमिंग. उलट केले तर टायमिंग पुन्हा लावावे लागते. टाचेखालच्या कॅमवर ग्रीसचा अगदी पुसट हात पुरे, जास्त लावले तर ते उडून पॉइंटवर बसते. पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ तयार होऊ लागले, तर कंडेन्सर संशयित समजावा.

टॅपेट

इंजिन थंड असताना, कव्हर काढून, हँडलने फिरवत टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांमधली फट) लावावेत. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असतील (एक मिटतोय, दुसरा उघडतोय) त्या क्षणी पहिल्याचे टॅपेट लावायचे. अर्धा फेरा पुढे गेल्यावर दुसऱ्याचे हलतात, तेव्हा तिसऱ्याचे; मग पहिल्याचे हलताना चौथ्याचे, तिसऱ्याचे हलताना दुसऱ्याचे. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) किंचित ओढ लागून निघायला हवी. एग्झॉस्टची गॅप इनलेटपेक्षा कमी ठेवू नये. थोडा आवाज करणारा टॅपेट चालेल, पण घट्ट लावलेला टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो.

गरम होणे आणि हेड गॅस्केट

ॲल्युमिनियमचे हेड उष्णतेने बिडाच्या ब्लॉकपेक्षा जास्त पसरते. एकदा जरी पाणी आटून इंजिन तापले, तरी हेड वाकू शकते. गोव्यात याची सुरुवात पुष्कळदा विहिरीच्या पाण्यापासून होते. किनाऱ्याजवळच्या आणि खाजनाला लागून असलेल्या विहिरींना खारटपणा असतो, तेच पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे ओतले की त्यातले क्षार ॲल्युमिनियम पोखरतात आणि गॅस्केटची धार जिथे बसते तो पृष्ठभाग खड्ड्यांनी भरतो. डिस्टिल्ड पाण्यात 30 ते 50 टक्के कूलंट घालावे. गोव्यात पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको, हा समज चुकीचा आहे. इथे त्याचे खरे काम गंज रोखण्याचे आहे.

चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना तापमानाचा काटा वर जाऊ लागला, तर फॅन बेल्टचा ताण, रेडिएटरच्या बाहेरच्या जाळीतला कचरा, आतल्या नळ्या आणि इग्निशन टायमिंग या क्रमाने पाहावे. नळ्या तुंबल्या असतील, तर तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरची टाकी उघडून रॉडिंग (सळईने नळ्या साफ करणे) करता येते. थर्मोस्टॅट काढून टाकणे हा उपाय सर्रास होतो, पण त्याने इंजिन पुरेसे तापत नाही, पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आणि सिलिंडर लवकर झिजतात.

ऑइलच्या टोपणाखाली दुधाळ साय दिसली की हेड गॅस्केट गेले, असे लगेच ठरवू नये. पावसात म्हापसा-पर्वरीसारख्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पूर्ण तापत नाही आणि वाफ टोपणाखाली जमते. डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ असेल, रेडिएटरमधले पाणी घटत नसेल आणि त्यात बुडबुडे येत नसतील, तर गाडी एकदा लांबवर चालवून पुन्हा पाहावे. कॉम्प्रेशन मोजल्यावर शेजारच्या दोन सिलिंडरचे एकदम कमी आले, तर मात्र त्या दोघांमधले गॅस्केट जळालेले असते.

हेड बसवताना त्याची पातळी सरळ पट्टीने तपासावी. कुठेही 0.1 मिमीची फिलर गेज आत गेली तर हेड प्लेन करून घ्यावे. नट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळावेत.

पेट्रोल

2023 पासून 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले. त्यात वजनाने सुमारे 7 टक्के ऑक्सिजन असल्याने कारब्युरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते: आयडलिंगला इंजिन अडखळते, गाडी जास्त तापते. मेन जेट किंचित मोठा करून प्लगचा रंग पाहावा. फिकट तपकिरी हवा, पांढराशुभ्र नको. पंपाचा जुना डायफ्रॅम आणि रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, चिरतात. पेट्रोल इंजिनावर गळणे म्हणजे आगीचे निमंत्रण, तेव्हा नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्याव्यात. इथेनॉल हवेतली ओल ओढते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी साचते. ते काढल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

उन्हातून येऊन रायबंदरला चोडणच्या फेरीबोटीसाठी रांगेत इंजिन बंद केले, आणि फेरी लागल्यावर गाडी सुरूच होईना, तर तो बहुधा व्हेपर लॉक असतो: पंपात पेट्रोलची वाफ धरलेली असते. पंपावर ओले फडके ठेवून पाच-दहा मिनिटे थांबावे. सारखा सेल्फ मारण्याने बॅटरी उतरते, वाफ तशीच राहते.

झीज

चोर्ला उतरताना ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा धूर आला, तर व्हॉल्व्ह गाइड झिजलेले असतात. चढावर सतत येत असेल, तर रिंगा आणि बोअर. खात्रीसाठी कमी कॉम्प्रेशनच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. गरम इंजिनावर आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकतो आणि भार पडताच खालून जड ठोके येतात, तेव्हा बेअरिंगे गेलेली असतात. क्रँक ग्राइंड करून अंडरसाइझ (घासलेल्या क्रँकच्या मापाची) बेअरिंगे बसवावी लागतात. ऑइल 20डब्ल्यू-40 किंवा 20डब्ल्यू-50 मिनरल वापरावे.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी होते. पीयूसीला या जुन्या इंजिनासाठी आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे. पॉइंट, टॅपेट आणि एअर फिल्टर ठीक असतील, तर इंजिन गरम करून कारब्युरेटरचा मिश्रणाचा स्क्रू थोडा आत घेतल्यावर आकडा बहुधा मर्यादेत येतो.