यूपीआय घेतलं की दुकानदाराचे पैसे कापतात?

हर्णैपासून मालवणपर्यंत छोट्या दुकानदारांत हा समज घट्ट बसलाय: २,००० रुपयांच्या वर यूपीआय घेतलं की १.१ टक्का गेला. नाही जात. मार्च २०२३ मधली ती बातमी आधी पैसे भरून ठेवलेल्या वॉलेटमधून यूपीआयने होणाऱ्या पेमेंटची होती. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तेव्हाच खुलासा केला, पण तो कोण फॉरवर्ड करणार! गिऱ्हाइकाच्या बँक खात्यातून थेट आलेल्या रकमेवर जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून कापलं जाणारं शुल्क, शून्य आहे. सुरमईचे ३,००० आले की ३,०००च जमा. रुपे क्रेडिट कार्ड जोडून दिले असतील तर मात्र हिशेब वेगळा. दरमहा काही कापलं जात असेल, तर ते साउंडबॉक्सचं भाडं आहे का बघा. लिलावात रोख मोजायची म्हणून एखादी मासेवाली नोटाच मागते, ती अडचण खरी.