रंग सगळ्यात शेवटी

पक्षी ओळखायला बसलं की नजर आधी रंगाकडे जाते आणि तिथेच घोटाळा होतो. नाशिकच्या निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पाणथळीवर ऑक्टोबरात उतरणारी थापट्या बदकं घ्या. पुस्तकातला नर हिरव्या डोक्याचा, तांबूस कुशीचा. समोर मात्र सगळी मादीसारखी मातकट. विणीनंतर नर पंखांची उडायची पिसं एकदमच गाळतात. काही आठवडे उडता येत नाही, मग लपायला हा मळका पिसारा कामी येतो. थापट्यावर पुरता रंग चढेपर्यंत डिसेंबर उजाडतो. चोच मात्र बारा महिने तीच, गवंड्याच्या थापीसारखी टोकाला पसरट.

म्हणून आधी आकारमान, मग चोच, मग वागणं. आकारमानाचं माप घरच्या गच्चीवरच बसवा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? वागण्याचं म्हणाल, तर शेपूट वर करून नुसतं डोकं बुडवणारी थापट्या, तलवार बदक, हळदी-कुंकू ही एक तऱ्हा. अख्खी बुडी मारणारी लालसरी दुसरी. काळा, कपाळावर पांढरा टिळा आणि उडण्याआधी पाण्यावर पळत सुटणारा दिसला, तर तो वारकरी. त्याला बदक लिहू नका.

दुर्बीण ८ × ४२ घ्या. ८ म्हणजे किती पट मोठं दिसतं ते, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. खिशातल्या १० × २५ मध्ये तो अडीचच, त्यामुळे पहाटे चित्र अंधारतं. शिवाय १० पटीत हाताचा कंपही तेवढाच वाढतो.

नवी दुर्बीण आधी डोळ्यांना जुळवावी लागते. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करा. मग डावा मिटून, चाकाला हात न लावता, उजव्या नेत्रिकेची, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाची, कडी फिरवा. बहुतेक दुर्बिणींत ती उजवीकडेच असते. चष्मा असेल तर रबरी कडा खाली करा, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात. पक्षी सापडत नाही ही नवख्यांची नेहमीची तक्रार, कारण ते दुर्बीण लावून मग शोधतात. नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणा.

गोदावरी-कादवेच्या संगमावरचं नांदूरमध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा. निफाडची थंडी ठाऊक आहेच. गार पडलेल्या दुर्बिणीवर श्वास पडला की नेत्रिकेवर धुकं धरतं. ते शर्टाने पुसू नका, धूळ घासून भिंगावर ओरखडे पडतात. थोडं थांबा, ते आपोआप विरतं. सूर्य पाठीशी घ्या. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचे थवे विरघळल्यासारखे दिसतात. मग मोर्चा काठाकडे वळवावा: चिखलातला लांबटांग्या शेकाट्या, पाणवेलींत जांभळी पाणकोंबडी.