शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के? खुलासा

कम्युनिकेशन स्किल्सच्या तासाला अनेक कॉलेजांत हा आकडा फळ्यावर येतो: संवादात शब्द ७ टक्के, आवाज ३८, देहबोली ५५. सरसकट असं म्हणणं चूक आहे.

हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतून आले. त्यांतल्या एकात ‘मेबी’ हा एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवला, सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले. प्रश्न होता फक्त आवडी-नावडीचा: बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही. आई ‘काही नाही झालं’ म्हणते आणि आपण शब्द सोडून तिचा चेहरा वाचतो, तसंच. ही मर्यादा मेहराबियन यांनी स्वतःच स्पष्ट केली आहे.

तोंडी परीक्षेत ‘ट्रान्सफॉर्मर डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर) का चालत नाही?’ असं विचारलं, तर ताठ बसून भागत नाही. ‘स्थिर डीसीत चुंबकीय फ्लक्स बदलत नाही, म्हणून दुसऱ्या वाइंडिंगमध्ये (तारेच्या वेटोळ्यात) व्होल्टेज तयार होत नाही’ हे वाक्यच लागतं. मराठी माध्यमातून आलेली मुलं या आकड्यावर विसंबून टाय आणि हस्तांदोलनाची तयारी करतात, अन् वाक्यं जुळवण्याचा सराव राहूनच जातो, याचं मला फार वाईट वाटतं.