ठासणीच्या रायफलीतील चिंधीचे वंगण

तोंडाकडून भरल्या जाणाऱ्या, आटेदार (आतून मळसूत्री खाचा असलेल्या) नळीच्या बंदुकीत शिशाची गोल गोळी कापडाच्या चिंधीत धरून ठासतात. त्या चिंधीला लावायचे तेल, चरबी, मेण किंवा पाणीमिश्रित द्रव म्हणजे चिंधीचे वंगण. गोळी नळीपेक्षा मुद्दाम किंचित लहान ओतलेली असते आणि उरलेली फट चिंधी भरून काढते. उदा., १२.७ मिमी. व्यासाच्या नळीत १२.४५ मिमी.ची गोळी आणि सुमारे ०.४ मिमी. जाडीचे घट्ट विणीचे सुती कापड घेतले, तर दोन्ही बाजूंचे कापड धरून एकूण माप नळीपेक्षा जवळजवळ अर्ध्या मिमी.ने जास्त भरते. ठासताना कापड चेपून आट्यांच्या खाचांत बसते आणि शिसे पोलादाला न घासता गोळीला फिरकी मिळते. इतकी घट्ट गोळी खाली उतरवायला वंगण लागतेच, पण त्याचे मोठे काम वेगळे आहे : काजळी मऊ ठेवणे.

काळी दारू, म्हणजे अशा बंदुकीत वापरायची जुनी स्फोटक पूड, जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायूत न जाता घनरूपात मागे राहतो. हीच काजळी. पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड हे त्यातले मुख्य क्षार. दमट हवेत हा थर ओलावा ओढून लगद्यासारखा होतो आणि फारसा त्रास देत नाही. कोरड्या हवेत, त्यातही तापलेल्या नळीत, त्याचे खरखरीत कवच बनते. मग काही बारांनंतर गोळी वाटेतच अडकते. दारू आणि गोळी यांच्यात अशी पोकळी राहिलेली असताना बार काढल्यास नळी फुगू किंवा फुटू शकते. चांगल्या वंगणाने हा थर मऊ राहतो आणि पुढची गोळी ठासतानाच चिंधी आधीची काजळी पुसत खाली नेते. ज्वालेपासून चिंधी वाचवणे हेही त्याचेच काम.

जुनी वंगणे बहुतेक प्राणिज किंवा वनस्पतिज आहेत : मेंढीची चरबी, अस्वलाचे तेल, ऑलिव्ह तेल, एरंडेल, आणि घट्टपणासाठी मधमाशीचे मेण. स्पर्म देवमाशाच्या तेलाला एके काळी फार मान होता. आता त्याच्या जागी होहोबा या झुडपाच्या बियांचे तेल वापरतात. चरबी बिनमिठाचीच हवी, कारण खारवलेल्या मांसाच्या चरबीतले मीठ नळी गंजवते. यंत्रांना घालायची साधी खनिज तेले टाळावीत, असे नेमबाज पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत, कारण काळ्या दारूच्या ज्वालेत त्यांचा डांबरासारखा चिकट राप बसतो. हा नियम सरसकट मात्र नाही. अतिशुद्ध पांढऱ्या खनिज तेलावर आधारलेले आणि पाण्यात मिसळणारे बॅलिस्टॉल काळ्या दारूबरोबर सर्रास वापरले जाते. गंज लागू नये म्हणून नळीत लावून ठेवलेले तेल तेवढे पहिल्या बाराआधी कोरड्या कापडाने पुसून काढावे लागते.

निवड करताना पहिला प्रश्न विचारायचा तो चिंधी नळीत किती वेळ राहणार, हा. निशाणाच्या मैदानावर गोळी ठासल्यावर लगेच बार होतो. तिथे नुसती थुंकी लावलेली चिंधीही उत्तम चालते, कारण काजळीतले क्षार पाण्यात विरघळतात. पाणी, थोडा साबण आणि पाण्यात मिसळणारे तेल यांचे मिश्रणही याच कारणाने लोकप्रिय आहे. शिकारीसाठी भरलेली रायफल तासन्‌तास तशीच राहते. ओली चिंधी तेवढ्यात दारू भिजवते, नळीला गंज चढवते किंवा स्वतः सुकून जाते. तिथे चरबी-मेणाचे घट्ट वंगणच हवे, आणि तेही बेताने. दारूला तुपकटपणा लागू नये म्हणून काही शिकारी मध्ये एक कोरडी चिंधी घालतात, तर काही गांधीलमाश्यांच्या पोळ्याचा कागदासारखा पापुद्रा. तो सहज पेटत नाही आणि ज्वालेपासून वरच्या चिंधीचाही बचाव करतो.

हवामानाचा विचार त्यानंतर. थंडीत चरबी दगडासारखी होते, तेव्हा पातळ तेल बरे. उन्हाळ्यात तीच चरबी वितळून झिरपते, म्हणून तिच्यात मेण वाढवतात. मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते. अचूकतेसाठी बारीकसारीक मोजमाप करणारे नेमबाज पाण्यात मिसळणाऱ्या एक भाग तेलात पाच ते आठ भाग पाणी घालून कापड भिजवतात आणि सपाट ठेवून वाळवतात. पाणी उडून गेल्यावर प्रत्येक चिंधीवर तेलाचा सारखाच पातळ थर उरतो. वंगण कोणते यापेक्षा ते दर बाराला सारखे आहे का, याचा निशाण्यावर जास्त परिणाम होतो. ‘गुप्त कृती’च्या वादात हे बहुधा विसरले जाते.

वंगण लावलेल्या चिंध्या हाताशी राहाव्यात म्हणून अमेरिकन लांब रायफलींच्या आणि ब्रिटिश सैन्याच्या बेकर रायफलीच्या दस्त्यात झाकणाची छोटी पेटी कोरलेली असे. १८५७ साली वादात सापडलेली एनफिल्ड रायफलची काडतुसे याहून वेगळी : त्यांत चिंधी नव्हती, गोळीभोवतीच्या कागदालाच वंगण लावलेले होते.

वंगण जमले की नाही, हे बार झाल्यावर नळीच्या तोंडापुढे काही मीटरवर पडलेली चिंधी उचलून पाहिली की कळते. मधोमध काळा डाग, त्याभोवती आट्यांचे ठसे आणि कापड अखंड, तर सगळे ठीक. मध्यभागी जळून भोक पडले असेल, तर वंगण कमी आहे किंवा कापड पातळ आहे. गोळीच्या कडेने, आट्यांच्या अंतराने सरळ चिरा दिसल्या, तर दोष बहुधा नव्या नळीतल्या धारदार कडांचा असतो आणि कुठल्याही वंगणाने तो जात नाही. कडा घासून मऊ कराव्या लागतात. कृत्रिम धागा मिसळलेले कापड उष्णतेने वितळते, त्यामुळे शुद्ध सुती किंवा लिननच घ्यावे आणि त्याची खळ आधी धुऊन काढावी. वंगण लावून फार दिवस ठेवलेल्या चिंध्यांचे कापड कमकुवत होते, तेव्हा वापरण्यापूर्वी एखादी ताणून, फाटते का ते पाहतात.