‘शटडाऊन’ची आज्ञा: वीज तोडणं त्यात सगळ्यात शेवटी आलं

12 ऑक्टोबर 2020, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या 400 केव्हीच्या पारेषण यंत्रणेत बिघाड झाला आणि मुंबईसह ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. करोनाचे दिवस, निम्मी ऑफिसं घरात मांडलेली. लॅपटॉपवाले बॅटरीवर तगले, डेस्कटॉपवाल्यांच्या स्क्रीन जागच्या जागी काळ्या झाल्या. वागळे इस्टेट किंवा महापे-रबाळ्याच्या ऑफिसांत जिथे यूपीएस नुसता टीं-टीं करत बसत नाही, तर केबलने सर्व्हरलाही जोडलेला असतो, तिथे अशा वेळी वेगळंच घडतं. बॅटरी उतरत आली की यूपीएसवर नजर ठेवणारा प्रोग्राम स्वतःच ‘शटडाऊन’ची आज्ञा देतो. कीबोर्डला कुणी हातही लावलेला नसतो.

ही आज्ञा आहे म्हातारी. तिच्या सुरुवातीच्या काळात यंत्राची वीज तोडणं हे तिचं काम नव्हतंच. तिची कामं दोन: अर्धवट राहिलेलं लिखाण डिस्कवर उतरवणं आणि यंत्रावर बसलेल्या बाकीच्या लोकांना वेळेत उठवणं.

आधी लिखाणाचं. 1969 पासून बेल लॅब्समध्ये घडत गेलेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाइल ‘सेव्ह’ झाली म्हणजे ती डिस्कवर गेलीच असं नसे. डिस्क संथ, मेमरी चपळ. म्हणून बदल आधी मेमरीतल्या बफरमध्ये साठत आणि सवडीने डिस्कवर जात. ‘अपडेट’ नावाचा छोटा प्रोग्राम दर 30 सेकंदांनी ‘सिंक’ करून हा साठा रिकामा करी. मधल्या वेळात वीज गेली, तर फाइलचं नाव यादीत आहे पण मजकुराचा पत्ता नाही, किंवा एकच जागा दोन फाइलींच्या नावावर, असले घोळ होत. ते निस्तरायला पुढे ‘एफएससीके’ हा डिस्क तपासणारा प्रोग्राम आला. मोठ्या डिस्कवर तो चालू झाला की चहा पिऊन येण्याइतका वेळ हमखास मिळे.

जुने युनिक्सवाले यंत्र बंद करण्याआधी ‘सिंक’ तीनदा टाइप करायचे, त्याचं मूळ इथेच आहे. पुष्कळांना तो निव्वळ तोडगा वाटतो. पण त्या काळी ‘सिंक’ लिखाणाची रांग लावून लगेच परत येई, लिखाण संपेपर्यंत थांबत नसे. तीन वेगळ्या ओळींवर तीनदा टाइप करण्यात जे काही सेकंद जात, तेवढ्यात डिस्कचं काम उरकून जाई. एकाच ओळीत तीनदा लिहिणाऱ्याला मात्र त्याचा काही उपयोग नव्हता.

दुसरा भाग माणसांचा. एका यंत्रावर वीस-तीस टर्मिनलं (स्क्रीन-कीबोर्डच्या जोड्या) असत आणि प्रत्येकावर कुणीतरी काम करत असे. कुणालाही न सांगता यंत्र बंद करणं म्हणजे तेवढ्या सगळ्यांच्या शिव्या खाणं. 1980 च्या फोर बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत ‘शटडाऊन’ आलं ते या अडचणीवरचं उत्तर होतं. वेळ द्यायची आणि निरोप द्यायचा. मग तो निरोप सगळ्यांच्या स्क्रीनवर झळके, वेळ जवळ येईल तसा वारंवार झळके, आणि शेवटची पाच मिनिटं उरली की नवं लॉगिन बंद. आजही युनिक्सच्या धर्तीवरच्या लिनक्सवर ‘शटडाऊन -आर +10’ लिहिलं की दहा मिनिटांनी रीस्टार्ट ठरतो, पुढे निरोपही जोडता येतो, आणि विचार बदलला तर ‘शटडाऊन -सी’ने तो रद्द होतो. वेळ संपल्यावरही रीत सभ्यच आहे. प्रत्येक प्रोग्रामला आधी ‘टर्म’ हा इशारा जातो, म्हणजे आवरून घ्या. जो ऐकत नाही त्याला मग ‘किल’. 2010 पासून आलेल्या सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये एका सेवेसाठी हे थांबणं साधारणपणे 90 सेकंदांचं असतं. बंद होताना स्क्रीनवर उलटसुलट सरकणारे लाल तारे आणि शेजारी मोजले जाणारे सेकंद दिसतात, ते हेच. तिथे वैतागून बटण दाबून धरणारे लोक पाहिले की मला डेटाबेसची कीव येते.

घरगुती पीसीची वाट अगदी वेगळी. डॉस या विंडोजआधीच्या सिस्टिमला निरोप घेण्याची पद्धतच नव्हती. ‘सी’चा प्रॉम्प्ट दिसला की खटका खाली. फार तर जुन्या हार्ड डिस्कसाठी ‘पार्क’ चालवायचं, म्हणजे हेड सुरक्षित जागी जाऊन बसे. विंडोज 95 मध्ये ‘शट डाऊन’ आलं, पण ते पूर्ण झालं की काळ्या स्क्रीनवर नारिंगी अक्षरं येत: आता संगणक बंद करायला हरकत नाही. मग माणसाने वाकून खटका बंद करायचा. ती स्क्रीन म्हणजे ‘लोगोज डॉट सिस’ नावाचं साधं चित्र होतं. ते पेंटमध्ये उघडून त्यावर आपल्या मनाचा मजकूर लिहिणं हा पोरांचा आवडता उद्योग.

संगणक स्वतः का बंद होत नव्हता? जुन्या एटी कॅबिनेटचं बटण थेट विजेच्या तारेवर बसलेलं, तिथे सॉफ्टवेअरचा हात पोचणार कसा? 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स ही मदरबोर्ड-पॉवर सप्लायची नवी रचना आणली. त्यात यंत्र बंद असतानाही 5 व्होल्टची एक बारीक धार चालू राहते आणि मदरबोर्ड एका तारेवरून पॉवर सप्लायला ‘चालू’ किंवा ‘बंद’ सांगतो. 1996 च्या एसीपीआय या मानकाने ही बोलणी ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती दिली.

विंडोजवर कमांड लाइनची ‘शटडाऊन’ आधी विंडोज एनटीच्या रिसोर्स किटमध्ये (वेगळ्या मिळणाऱ्या जादा प्रोग्रामांच्या संचात) होती. एक्सपीबरोबर, 2001 मध्ये, ती सगळ्यांच्या हाती आली, आणि लोकांना ती कळली एका व्हायरसमुळे. ऑगस्ट 2003 मध्ये ब्लास्टर पसरला. नेटला जोडलेल्या एक्सपीवर अचानक खिडकी उघडे, आरपीसी ही विंडोजची अंतर्गत सेवा अनपेक्षितपणे बंद पडली असं सांगे आणि 60 सेकंद उलटे मोजून यंत्र रीस्टार्ट करे. डायल-अपवर पॅच (दुरुस्तीची फाइल) उतरवायला मिनिट कुठून पुरणार? नौपाड्यातल्या नाहीतर वाशीतल्या सायबर कॅफेत तासाने पैसे भरून बसलेल्या गिऱ्हाइकाचा अर्धा लिहिलेला मेल त्यात जाई. उपाय तोंडी पसरला: स्टार्ट, रन, ‘शटडाऊन -ए’. मोजणी थांबे. आरपीसी मेलेलीच असल्याने इतर गोष्टी अडखळत, पण फायरवॉल चालू करून पॅच उतरवण्याइतकी सवड मिळे.

आजच्या विंडोजवर दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. ‘/टी’पुढे (किती सेकंद थांबायचं) शून्याहून मोठा आकडा दिला, तर ‘/एफ’ (जबरदस्तीने बंद करा) न लिहिताही लागू होतो. म्हणजे ‘शटडाऊन /एस /टी 60’ मिनिटभर थांबेल, पण नंतर वर्डमधली न जपलेली फाइल न विचारता बंद करेल. दुसरं, 2012 च्या विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर मेनूतलं ‘शट डाऊन’ पूर्ण बंद करतच नाही. कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते. रीस्टार्ट मात्र कोरी सुरुवात करतो, आणि कमांड लाइनवरचं साधं ‘/एस’ही पूर्ण बंद करतं. दुरुस्तीवाला ‘बंद करून चालू करा’ न म्हणता ‘रीस्टार्ट मारा’ म्हणतो, त्यात तथ्य आहे.

लिनक्सच्या आतल्या ‘रीबूट’ कॉलला (प्रोग्रामने सिस्टिमला केलेल्या विनंतीला) चुकून धक्का लागू नये म्हणून दोन ठरावीक आकडे द्यावे लागतात. दुसऱ्या जागी चालणाऱ्या आकड्यांपैकी एक हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, मांडला तर 28121969 दिसतो, लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सची जन्मतारीख.

आता बरीच यंत्रं समोर नसतातच. माणूस घोडबंदर रोडवर घरी, सर्व्हर महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये. अशा यंत्राला ‘-आर’ऐवजी ‘-एच’ दिलं तर ते शहाण्यासारखं बंद होतं आणि बंदच राहतं. मग दूरून वीज देण्याची सोय असावी लागते, नाहीतर तिथल्या माणसाला फोन करून बटण दाबायला सांगावं लागतं. एकाच वेळी चार खिडक्या उघड्या असल्या की आज्ञा भलत्याच यंत्राला जाण्याचाही धोका असतो. डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर त्यासाठी ‘मॉली-गार्ड’ आहे. एसएसएचवरून, म्हणजे दूरून जोडून, कुणी रीबूट करू लागलं की ते आधी यंत्राचं नाव टाइप करायला लावतं, आणि नाव चुकलं तर यंत्र चालूच ठेवतं.